मोठे सर, दांडा वजा करून

मोठे सर कुठलंही काम सुरू करण्याआधी उजव्या मांडीवर सणसणीत थाप मारायचे. कबड्डीत चढाईला निघालेला गडी मारतो ना, तशी. मैदानावर ते शोभतं. पण सर पाकीट फोडण्याआधी थाप मारायचे, चहात बिस्किट बुडवण्याआधी मारायचे, आणि बाथरूमचं दार लावून घेतल्यावर आतूनही एक थाप ऐकू यायची. त्यांची खोली आमच्या मेसच्या भिंतीला लागूनच. पहिल्या आठवड्यात त्या आवाजाने माझ्या हातून दोनदा पातेलं पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा सर खिडकीतून म्हणाले, "अक्का, पकड सैल आहे तुमची. अंगठा आत घ्या."

मी चोपड्याकडच्या एका कॉलेजच्या होस्टेलवर स्वयंपाक करते. मूळची कोकणातली, खाडीकाठच्या गावची. शाळा सातवीतच सुटली. नवरा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. महिन्यातले वीस दिवस दिल्लीच्या वाटेवर. मला घोर लावून घ्यायची सवय आहे. सिलिंडर संपत आला की संपेल म्हणून घोर, नवा आला की फुटेल म्हणून घोर. मुलखापासून एवढं लांब, हातात कसला दाखला नाही, ही मेस गेली तर दुसरीकडे कोण उभं करणार, हा तर कायमचाच. इथल्या पोरांनी मला अक्का म्हणायला सुरुवात केली तेव्हा कुठे जरा धीर आला. माझ्या भाजीत नारळ सापडला की ती बोटाने काढून ताटाच्या कडेला लावायची, "अक्का, हाई कसाले टाकं वं?" म्हणायची, आणि वाटी पुढे करायची.

मोठे सर म्हणजे कबड्डीचे कोच. कॉलेजात आधीपासून एक पी.टी. सर होतेच, गळ्यात शिट्टी अडकवून फिरणारे, शांत. त्यांना कोणी छोटे सर म्हणत नव्हतं. मोठे सर आले आणि ते आपोआप छोटे झाले. मोठे सर टीव्हीवर दिसलेले होते. मोठमोठ्या सामन्यांत मध्यंतराला खेळाडूंच्या घोळक्यात शिरून दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून ओरडणारे कोच, ते हेच. ते डोकं अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं.

असा माणूस आमच्याकडे कसा आला? आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते केळीचे मोठे व्यापारी. त्यांच्या व्याह्यांचंही शेजारच्या तालुक्यात कॉलेज आहे आणि विद्यापीठाचा कबड्डीचा कप कित्येक वर्षं त्यांच्याच कपाटात असायचा. एका लग्नात पंगतीला बसल्यावर व्याही भाऊंना म्हणाले, "कप पाहायला या कधी, तुमच्या पोरांनाही आणा, हात लावून बघतील." भाऊ जेवता जेवता उठले म्हणतात. महिन्याभरात मोठे सर हजर.

पगार किती, ते नक्की कोणालाच माहीत नव्हतं. पण इथे लोक सगळं केळीत मोजतात, त्यामुळे "दर महिन्याला एक ट्रक जातो सरांच्या खोलीत" असं बोललं जायचं. शिवाय सरांच्या अटी: गाडी, एसी, खिडकीला गडद निळे पडदे, आणि जेवायला खुर्ची नको. सर खुर्चीवर बसतच नसत. खुर्चीवर बसलेला कोच मेलेला कोच, असं त्यांचं म्हणणं. ते तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर बसायचे. भाऊंनी खास त्यांच्यासाठी नवीन डबा आणला तर त्यांनी तो परत पाठवला. वापरलेलाच हवा, बूड जमलेलं असतं म्हणे.

त्यांच्या स्वागताला जेसीबी होता. हल्ली होतं तसं, वरून झेंडूची फुलं ओतायची. फुलं ओतली. त्या बादलीत आदल्या दिवशीच्या नालीचं एक मातीचं ढेकूळ राहिलं होतं, तेही आलं. सरांच्या डोक्यावर बसलं आणि फुटलं. सगळे गार. सरांनी मांडीवर थाप मारली, डोकं झटकलं आणि माइकवर म्हणाले, "मातीतला खेळ आहे. मातीनं ओळखलं." काय टाळ्या पडल्या! मीसुद्धा वाजवल्या. त्याच टाळ्यांत भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अक्का, एक सांगून ठेवतो. सरांवर आपला जीव काढून खर्च झालाय. कप आला तर ठीक. नाही आला तर मेस जळगावच्या कंत्राटदाराला द्यावी लागेल. तो त्याची माणसं घेऊन येतो."

"मग मी?"

"तेव्हाचं तेव्हा पाहू," भाऊ म्हणाले, आणि फोटोसाठी गेले.

तेव्हापासून मला कबड्डी कळायला लागली.

सरांचा एक नियम होता: त्यांच्याकडे आलेल्या माणसाने जे काय सांगायचं ते एका दमात सांगायचं. मध्ये श्वास घेतला की बाद. आमचे प्राचार्य अंगाने भारी. ते आले आणि सुरू झाले, "ग्रंथालयाच्या इमारतीच्या मागच्या बाजूने जी गळती होते आहे त्या संदर्भात आपल्या खेळाडूंनी छपरावर चढून जे..." आणि थांबले. "दम गेला, सर. उद्या या," मोठे सर म्हणाले. प्राचार्य खरंच दुसऱ्या दिवशी आले. मी मात्र कधी बाद झाले नाही. घाबरलेलं माणूस भराभरा बोलतं. "सर तेल संपलंय दूधवाला आला नाही गोरखने सहा भाकरी खाल्ल्या आणि गॅसचा वास येतोय असं मला वाटतंय पण येत नसेलही," हे मी एका दमात सांगितलं तेव्हा सर डब्यावरून उठून उभे राहिले. पोरांना म्हणाले, "बघा. याला दम म्हणतात."

हा गोरख आमचा मुख्य खेळाडू. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा, कोरडवाहू शेतीतला. उंच, रुंद, आणि स्वभावाने म्हशीच्या पारडासारखा गरीब. त्याला तीन जणांनी धरलं तरी तो तिघांना घेऊन मधल्या रेषेपर्यंत यायचा आणि मग तिघांची माफी मागायचा.

सरांनी मेसच्या फरशीवरही खडूने रेषा आखल्या. दुसऱ्यांदा भाकरी हवी असेल तर चढाई करायची. "कबड्डी कबड्डी" म्हणत यायचं, टोपल्याला हात लावायचा आणि न सापडता परत जायचं. सापडला तर नुसता भात. पकडायला कोण? मी. सरांनी मला घोट्याची पकड शिकवली. "अक्का, डोळ्यांत बघायचं नाही. डोळे फसवतात. घोटा बघा, घोटा खोटं बोलत नाही." मी लाटणं खाली ठेवून पोरांच्या घोट्यांवर झडप घालायचे. पंधरा दिवसांत टीममधल्या दोघांचं वजन कमी झालं, इतकी मी तयार झाले. पी.टी. सर दारात उभे राहून बघायचे. एकदा एवढंच म्हणाले, "अक्काला घ्या टीममध्ये. स्वस्तात पडेल."

आता वजनाचं. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात पंच्याऐंशी किलोच्या वर खेळाडू चालत नाही. एक ग्रॅमही नाही. सर याबाबतीत फार कडक. दर रविवारी वजन झालंच पाहिजे. कॉलेजच्या जिममधला काटा गोरख एकदा त्यावर चढल्यापासून बंद पडला होता. तेव्हा भाऊ म्हणाले, "आपल्या शेडवर आहे ना, केळीचा. ट्रक भरतो आपण त्याच्यावर, पोरं काय चीज आहेत!"

भाऊंच्या शेडवर काट्याला नाना बसायचे. तीस वर्षं केळी तोलतायत. मान खाली, वही पुढे, कानाला पेन्सिल. पोरं रांगेने काट्यावर उभी राहायची, नाना आकडा बघायचे, वहीत लिहायचे, "चाल, पुढे." ती वही सरांकडे यायची. सर वही बघून खूश. पुढच्या रविवारी तर काळजीत पडले. मला बोलावलं.

"अक्का, पोरं हडकलीत. गोरख ऐंशीवर आलाय. इतका व्यायाम करून घेतो मी, अंगाला काही लागतच नाही. तूप वाढवा."

मी वाढवलं. कप यायला हवा होता ना. वरण-बट्टीच्या दिवशी बट्टी तुपात बुडवून काढायचे ती बुडवून ठेवायला लागले.

त्यातच थंडी पडली, आणि इकडे थंडी म्हणजे भरीत. शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, लाकडी मुसळाने ठेचायची, वर कांद्याची पात, आणि पुऱ्या. टीव्हीतला माणूस पंचक्रोशीत आहे म्हटल्यावर प्रत्येक खेळाडूच्या गावाला सर जेवायला हवे होते. सरांना बोलवायचं तर टीमलाही बोलवणं आलं. एका गावाला हो म्हणून दुसऱ्याला नाही म्हणायची इथे सोय नाही. दुसरं गाव पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतं. आठवड्यात चार-चार भरीत पार्ट्या झाल्या. सर पुरीवर थाप मारायचे, म्हणजे आधी मांडीवर, मग पुरीवर, आणि म्हणायचे, "खा रे. वहीत जागा आहे."

गोरखचा सदरा उसवला. मी शिवून दिला. पुन्हा उसवला. मला घोर लागला. मी जाऊन म्हटलं, "सर गोरख मला जाड दिसतोय."

"अक्का, डोळे फसवतात," सर म्हणाले. "आकडा बघा."

सामने धुळ्याला होते. आम्ही सकाळी अमळनेरमार्गे कॉलेजच्या बसने पोचलो. माझी भांडी, शेगडी, सिलिंडर सगळं बसमध्ये. बाहेरचं अन्न नको, अशी सरांची अट. सरांना बघायला गर्दी जमलेली. वजन घेणाऱ्या पंचांनीही आधी सरांबरोबर सेल्फी काढला. मग एकेक पोरगं काट्यावर. पहिली पोरं जेमतेम बसली. गोरख चढला.

साडेशहाऐंशी.

"काटा खोटा आहे," सर म्हणाले.

पंच स्वतः चढून उतरले. पासष्ट. "मी कालपण पासष्टच होतो, सर."

भाऊंनी तिथेच नानांना फोन लावला, स्पीकरवर. "नाना, गोरखनं वजन कितलं लिखं व्हतं?"

"ब्याऐंशी, भाऊ."

"आठे त साडेशहाऐंशी भरी राहिनं!"

"हा मंग. बराबर शे. दांडा वजा करीसन ब्याऐंशी."

केळीचा घड तोलला की मधल्या दांड्याचं वजन कापून निव्वळ माल लिहायचा, ही शेडवरची रीत. ते मला नवऱ्याकडून माहीत होतं.

"नाना," भाऊ अगदी हळू म्हणाले, "मानूसले दांडा राहस का?"

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "भाऊ, तीस वरीस झायात. काट्यावर जे चढस, त्यानं मी कापस. तुमीच सांगेल व्हतं."

सरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. टीव्हीवर दिसायचं तसंच. गर्दीतल्या लोकांनी लगेच व्हिडिओ काढला.

पंच म्हणाले, अकरापर्यंत पुन्हा तोलून घेतो. दीड किलो, दोन तास. सरांनी गोरखला तीन स्वेटर आणि वरून स्वतःचा टीव्हीवाला ट्रॅकसूट चढवला आणि रस्त्यावर पळवायला काढलं. स्वतः मागून रिक्षात. पण धुळ्यातली माणसं सरांना बघून थांबायला लागली. "सर, एक फोटो!" रिक्षावाल्यानेच दोन ठिकाणी रिक्षा उभी करून आपल्या मित्रांना बोलावलं. सर फोटोला नाही म्हणू शकत नसत. गोरख भला मुलगा. सर थांबले की तोही थांबायचा, आणि फोटोत घाम पुसून उभा राहायचा. तासाभराने परत आले ते फक्त अर्धा किलो उतरवून. मग समोरच्या सलूनमध्ये त्याचा गोटा केला. मिशी काढू देईना.

"सर, रविवारले पोरगी पाहाले जानं शे."

"मिशीचं वजन काय असणार," पी.टी. सर म्हणाले, "राहू द्या बिचाऱ्याची."

मी बसपाशी उभी राहून नखं खात होते. माझ्या डोळ्यांपुढे जळगावचा तो कंत्राटदार माझ्याच चुलीवर माझीच कढई ठेवताना दिसत होता. आणि तूप मीच वाढवलं होतं. मला एकच गोष्ट येते. आमच्या कोकणात मोदक वाफवतात. मी सरांपुढे जाऊन एका दमात म्हटलं, "सर दोन पातेल्यांत पाणी उकळते बसच्या टपावरची ताडपत्री द्या आणि गोरखला स्टुलावर बसवा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मांडीवर थाप मारली. "द्या रे ताडपत्री!"

गोरखला स्टुलावर बसवलं, बाजूला उकळती पातेली उतरवून ठेवली, वरून ताडपत्री. फक्त नाक बाहेर. मी पाणी बदलत होते, पोरं कडा दाबून धरत होती, सर घड्याळ बघत होते.

"अक्का, मी शिजी गऊ वं!" आतून आवाज आला.

"अजून पाच मिनिटं. मोदकालाही एवढं लागतं."

अकराला पाच कमी असताना गोरख लालबुंद, तुळतुळीत, फक्त मिशी लावलेला असा काट्यावर चढला. आकडा थरथरला, वर गेला, खाली आला. पंच्याऐंशी. बरोबर. आम्ही सगळे असे ओरडलो की बाजूच्या मैदानातला सामना थांबला. पंचांनीसुद्धा हात मिळवला. तो आमचा शेवटचा आनंद.

पहिलाच सामना नेमका व्याह्यांच्या कॉलेजशी. गोरख चढाईला गेला. मांडीवर थाप मारली, "कबड्डी, कबड्डी, कबड्" आणि त्यांच्या भागात मधोमध अलगद खाली बसला. त्यांच्या पोरांना कळेना, धरायचं की नाही. शेवटी एकाने वाकून विचारलं, "दादा, बरं वाटतंय ना?" गोरखने मान हलवली आणि त्याचीही माफी मागितली. मग त्या पोराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तीच पकड धरली गेली.

आम्ही हरलो. किती गुणांनी ते सांगत नाही. व्याही उठून भाऊंकडे आले आणि नुसते पाठीवर थोपटून गेले. ते फार लागलं भाऊंना.

दोन दिवसांनी मेसमध्येच बैठक झाली. भाऊ, प्राचार्य, पी.टी. सर, आणि डब्यावर मोठे सर. मी चहा देत होते. कोणी विचारायच्या आतच मी म्हटलं, "तूप मी वाढवलं होतं."

"मीच सांगितलं होतं," सर म्हणाले. "आणि मला नानांच्या वहीने."

भाऊ तसे वाईट नाहीत. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "सर, झालं ते झालं. तुम्ही एवढे मोठे, इतक्या टीम बघितल्यात. एकच विचारतो. पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवायचं तर मेस कंत्राटाला द्यावी लागेल, अक्काला जावं लागेल. दोन्ही मला झेपत नाही. तुमच्या मते टीमला काय पाहिजे?"

सरांनी दोन हातांनी टाइम-आउटची खूण केली. खरंच. उठले, बाहेर गेले, लिंबाच्या झाडाला दोन चकरा मारल्या. मी पदराचं टोक दातांत धरून उभी. तीस सेकंदांनी सर परत आले. या वेळी थाप मारली नाही. गुपचूप डब्यावर बसले.

"मला ठेवू नका," म्हणाले.

"आं?"

"टीव्हीवर मी होतो तेव्हा माझ्याकडे बारा चांगले गडी होते, भाऊ. बारा चांगले गडी असले की कोचला फक्त ओरडावं लागतं. इथे एक गोरख. त्याला पी.टी. सरांनी शिकवलं, अक्कांनी पोसलं. मी भरीत खाल्लं आणि फोटो काढले. माझ्या पैशात तुम्ही एक काटा घ्या, चांगला. आणि चार पोरं आणखी ठेवून घ्या मेसला. चार वर्षांनी कप येईल. नाही आला तरी पोरं जाड होतील."

भाऊ प्राचार्यांना म्हणाले, "सल्ला ट्रकभर केळीला पडला. पण माल चोख आहे. दांडा नाही यात."

सर गेले त्या दिवशी मी त्यांना वाटेसाठी भरीत आणि पुऱ्या बांधून दिल्या. रडले असते, पण सरांनी डबा हातात घेताना स्वतःचा अंगठा आत घेतलाय की नाही ते मला तपासायला लावलं, त्यामुळे राहून गेलं. पुढे काटा आला. नानांना त्याच्या जवळ जाऊ देत नाहीत. होस्टेलला चारच्या जागी सहा पोरं आली. गोरखचं लग्न ठरलं. मिशीमुळेच, असं तो म्हणतो. कप अजून व्याह्यांकडेच आहे. चहाच्या टपरीवर अजून वाद होतो, मोठे सर आणले ते बरं की वाईट. मी त्यात पडत नाही. मला माझ्यापुरतं माहीत आहे.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आता कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या कुठल्याशा कॉलेजात आहेत.

"पगार बरा आहे ना, सर?"

"तुमच्यापेक्षा जास्त देतात, अक्का. पडदेही आहेत."

"आणि टीम?"

"टीम ठीक. त्यांचे पी.टी. सर मात्र फार चांगले. पोरं त्यांनीच तयार केलीत."

मला पुन्हा घोर लागला. तिथेही कोणी बाई असेल स्वयंपाकाला. मी भीत भीत विचारलं, "मग सर, तिथंही सांगितलंत का, मला ठेवू नका म्हणून?"

सर म्हणाले, "अक्का, तुमच्या भाऊंनी विचारलं होतं. इथं अजून कोणी विचारलेलं नाही."